इंग्रजी वाक्प्रचारांतला वरचा कॉमा: एसच्या आधी की एसनंतर?

दारव्ह्याचा मास्तर

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे दहावीपर्यंत ही भाषा पोरांच्या कानावरून बरीच गेलेली असते. “डोन्ट”, “कान्ट”, “आय’म” यांतली अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर्गाच्या भाषेत वरचा कॉमा, मुलं सहसा चुकवत नाहीत. अडतं ते मालकी दाखवणाऱ्या कॉम्यापाशी, आणि त्यातही वाक्प्रचारांत. रजेच्या अर्जात “दोन दिवसांची रजा” इंग्रजीत लिहायला सांगा, कॉमा एसच्या आधी, एसनंतर, वायच्या डोक्यावर आणि कुठेच नाही, असे सगळे प्रकार एकाच वर्गात सापडतात.

पाठ्यपुस्तकातला नियम दोन ओळींचा आहे. एकवचन असेल तर चिन्ह एसच्या आधी. एस लागून अनेकवचन झालेलं असेल तर चिन्ह त्या एसच्या नंतर. मुलांना तो तोंडपाठ असतो. पण बोलताना “बॉय’स” आणि “बॉइज’” यांचा उच्चार अगदी सारखा, कानाला फरक लागतच नाही. मग नियम लावायचा कशाच्या आधारावर?

(इथे सगळं देवनागरीतच लिहायचा प्रघात आहे, म्हणून खूण ठरवून घेऊ. “बॉय’स” असं लिहिलं तर चिन्ह एसच्या आधी. “बॉइज’” असं लिहिलं तर चिन्ह एसनंतर, शब्दाच्या टोकाला.)

माझं म्हणणं असं की मराठी मुलाकडे हे उत्तर आधीपासून आहे, आपण ते त्याला वापरायला सांगत नाही एवढंच. उत्तर अनुस्वारात आहे. “मुलाचं” आणि “मुलांचं” यांत जो फरक, तोच “बॉय’स” आणि “बॉइज’” यांत. म्हणून मी फळ्यावर आधी मराठी लिहून घेतो. “चा-ची-चं” यांच्या आधीच्या अक्षरावर टिंब आलं तर कॉमा एसच्या नंतर, टिंब नसेल तर एसच्या आधी. एका दिवसाची रजा: “वन डे’स लीव्ह”. दोन दिवसांची रजा: “टू डेज’ लीव्ह”. एका महिन्याचा पगार: “अ मंथ’स सॅलरी”. पाच मिनिटांचा रस्ता: “फाइव्ह मिनिट्स’ वॉक”.

पाच सप्टेंबरच्या फळ्यालाही हे लागू पडतं. १९६२ पासून आपण तो दिवस पाळतो आणि फळ्यावर दरवर्षी वेगळं स्पेलिंग असतं. “शिक्षक दिन” या समासात एकवचन-अनेकवचन झाकलं जातं, म्हणून आधी सोडवून विचारायचं: शिक्षकाचा दिवस की शिक्षकांचा? शिक्षकांचा. म्हणजे “टीचर्स’ डे”. बालदिनाला मात्र एक पायरी जास्त आहे. “चिल्ड्रन” हे एस न लागताच अनेकवचन झालेलं आहे, त्यामुळे एस नव्यानं जोडायचा आणि चिन्ह त्याच्या आधी: “चिल्ड्रन’स डे”. “विमेन’स डे” तसंच.

वाक्प्रचारांतही बऱ्याच ठिकाणी गाडी नीट चालते. सिंहाचा वाटा, टिंब नाही, “लायन’स शेअर”. मृत्यूच्या दारात, टिंब नाही, “अॅट डेथ’स डोअर”. गोगलगायीच्या गतीनं, “अॅट अ स्नेल’स पेस”. पण सगळीकडे चालेल असं नाही, आणि नेमकं कुठे चालत नाही ते मला गोळा करायचं आहे. मुलांना नियमासोबत त्याची हद्दही दाखवावी लागते. कुणाला अशी उदाहरणं माहीत असतील तर द्या.

पुसदची अभ्यासिका

सर, अनुस्वाराची युक्ती आवडली. राज्यसेवेच्या तयारीत इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न रोज सोडवते, त्यातली काही अडणारी उदाहरणं देते.

पहिलं “फूल’स पॅरडाइज”. आपण मराठीत “मूर्खांच्या नंदनवनात” म्हणतो, टिंबासकट. तुमच्या युक्तीनं कॉमा एसनंतर जाईल. पण शब्दकोशात तो एसच्या आधी आहे, एकाच मूर्खाचं नंदनवन.

दुसरं “क्रोकोडाइल टिअर्स”. मराठीत “मगरीचे अश्रू”, म्हणजे स्वच्छ षष्ठी. इंग्रजीत कॉमाही नाही आणि मालकीचा एसही नाही. क्रोकोडाइल तिथे नुसतं विशेषणासारखं बसलंय.

तिसरं “अॅट माय विट्स एन्ड”, अक्कल खुंटणे. इथे मराठीवरून काहीच ताडता येत नाही, कारण आपण अक्कल एकच धरतो. मी काही पुस्तकांत कॉमा एसच्या आधी पाहिलाय, काहींत नंतर. परीक्षेत आलं तर काय लिहायचं?

आणि “फॉर गुडनेस सेक” मध्ये तर “गुडनेस” स्वतःच एसवर संपतो. तिथे कॉमा हवा की नको?

कपाशीवाला

सरजी, थ्या टिंबाच्या भरवशावर आमच्या पोट्ट्यायले कायले सोडता? टिंब लिवतानी अर्धे पोट्टे विसरतेच. अन् बोलतानी “मुलाचं” अन् “मुलांचं” यात फरक किती आयकू येते? थोडासा नाकातला आवाज. फटाफट बोललं तं तोही जाते.

आमी घरी बोलतो तसं त्यायले इचारा ना. आमी “पोट्ट्याचं” म्हनतो एकासाठी अन् “पोट्ट्यायचं” म्हनतो सगळ्यायसाठी. “शेतकऱ्याचा माल” म्हनजे एकाचा, “शेतकऱ्यायचा माल” म्हनजे साऱ्यायचा. “बाईचं” अन् “बायायचं”. यात गडबड होतच नाई. बहिऱ्या मानसालेही समजंन असा फरक हाय. मंग थ्या “याय” आला का कॉमा एसच्या मांगं, नाई आला तं समोर. एवढंच सांगा पोट्ट्यायले.

एक इचारायचं होतं. २३ डिसेंबरले किसान दिन असते, चौधरी चरणसिंगांच्या जयंतीचा. आमच्या गटानं इंग्रजीत बॅनर करायचं ठरवलं तं गावात तीन जनायनं तीन तऱ्हा सांगतल्या. “फार्मर’स”, “फार्मर्स’” का नुसतं “फार्मर्स”?

दारव्ह्याचा मास्तर

भाऊ, तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. प्रमाण मराठीत अनेकवचनाचं सामान्यरूप एका टिंबावर उभं आहे. वऱ्हाडीत तिथे अख्खं अक्षर येतं: लोकायचं, पोरायचं, त्यायचं, शेतकऱ्यायचं. म्हणजे ज्या बोलीबद्दल मुलांना “असं बोलू नका, शुद्ध बोला” म्हणून दटावलं जातं, तीच बोली इंग्रजी कॉम्याची जागा जास्त स्पष्ट सांगते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी हीच बोली आहे. सोमवारपासून फळ्यावर “पोट्ट्याचं” आणि “पोट्ट्यायचं” असे दोन रकाने करतो.

किसान दिन हा साऱ्या शेतकऱ्यायचा. तेव्हा “फार्मर्स’ डे”, कॉमा एसनंतर.

सेवानिवृत्त, वर्धा

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. पुसदच्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची तर थोडं मागे जावं लागेल, कारण हे चिन्ह मुळात मालकी दाखवायला आलेलंच नव्हतं.

अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचकडून आली. काम एकच: इथून अक्षर गळलं आहे, हे सांगायचं. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांची षष्ठी “-एस” हा प्रत्यय लागून व्हायची, ई आणि एस अशी दोन अक्षरं. राजाचा या अर्थी “किंगेस” असं काहीतरी रूप. पुढे त्यातल्या ईचा उच्चार झिजला आणि नुसता एस ऐकू येऊ लागला. मग गळलेल्या ईच्या जागी कॉमा. “किंग’स” मधला कॉमा म्हणजे त्या ईची राहिलेली खूण आहे. मधल्या काळात लोकांचा असाही समज झाला होता की हा एस म्हणजे “हिज” या शब्दाचा उरलेला तुकडा आहे, आणि “द किंग हिज क्राउन” असं लिहिण्याची रीतही पडली होती. ती पुढे मागे पडली.

एकवचनातली जागा सतराव्या शतकाच्या शेवटाकडे बऱ्यापैकी ठरली. अनेकवचनात एसनंतर कॉमा देण्याची रीत त्याहून उशिरा, अठराव्या शतकात रुळली. तिथे कुठलंच अक्षर गळलेलं नाही. एकवचनापासून वेगळं दिसावं म्हणून लिहिणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी ती सोय केली. त्यामुळे मुलांना हा कॉमा कानानं कळत नाही, यात मुलांचा दोष काहीच नाही. तो डोळ्यांसाठीच आणलेला आहे.

आता वाक्प्रचार. त्यांत एक प्रश्न विचारायचा: ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं त्याच्या डोळ्यांसमोर किती जण होते? “लायन’स शेअर” मागे इसापाची गोष्ट आहे. सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकारीला जातो आणि वाटणीच्या वेळी एकेक कारण सांगत सगळे वाटे स्वतःकडेच ठेवतो. गोष्टीत सिंह एकच, म्हणून कॉमा आधी. आज आपण मोठा वाटा या अर्थानं वापरतो, गोष्टीत मात्र त्यानं सगळंच घेतलेलं आहे. “हॉब्सन’स चॉइस” मागे केंब्रिजचा थॉमस हॉब्सन, भाड्यानं घोडे देणारा, १६३१ मध्ये वारला. दाराजवळचा घोडा घ्यायचा, नाहीतर घोडाच नाही, असा त्याचा नियम. माणूस एक, कॉमा आधी. “फूल’स पॅरडाइज” मध्ये इंग्रजीनं कोणीही एक मूर्ख घेतला, मराठीनं मूर्खांची जात घेतली. अर्थ तोच, मोजणी वेगळी. म्हणून तिथे अनुस्वार चकवतो आणि वऱ्हाडीतला “याय” सुद्धा चकवणार. “बिगिनर’स लक”, “बुल’स-आय”, “बर्ड’स-आय व्ह्यू”, “डेव्हिल’स अॅडव्होकेट”, “अ स्टोन’स थ्रो”, “अॅट आर्म’स लेंग्थ”, “बेकर’स डझन”, सगळीकडे एकच धरलेला आहे. इंग्रजी वाक्प्रचारांचा कल एकवचनाकडे आहे, हे लक्षात ठेवलं तरी बरीच मजल मारता येते.

“विट्स” मात्र नेहमी अनेकवचनात वापरतात, शुद्ध-बुद्धी, भान या अर्थी. म्हणून ब्रिटिश शब्दकोश “विट्स’ एन्ड” देतात. अमेरिकन कोशांत “विट’स एन्ड” हेही आढळतं. आपल्याकडच्या परीक्षेत एसनंतरचा पर्याय निवडा, ब्रिटिश वळणाला तो धरून आहे.

“फॉर गुडनेस’ सेक”: शब्द एसच्या आवाजावर संपतो, पुढचा शब्दही एसनंच सुरू होतो, मध्ये आणखी एक एस उच्चारताच येत नाही. म्हणून जुन्या रीतीनं नुसता कॉमा, जोडीचा एस नाही. “फॉर कॉन्शन्स’ सेक” तसंच. आजकाल गुडनेसवरचा कॉमा पुष्कळ जण गाळतात, पण देणं कधीच चूक ठरत नाही. “हेवन” एसवर संपत नाही, म्हणून “फॉर हेवन’स सेक”. आणि “फॉर ओल्ड टाइम्स’ सेक” मध्ये जुने दिवस अनेक, म्हणून एसनंतर.

पुसदची अभ्यासिका

सर, हे वाचून डोक्यातला गुंता बराच सुटला. एक भर घालते, कारण सराव परीक्षेत यावर हमखास मार्क जातात. “एव्हरी डॉग हॅज इट्स डे” आणि “डोन्ट जज अ बुक बाय इट्स कव्हर”, दोन्हींत “इट्स” वर कॉमा नाही. मालकी आहे, तरी नाही. “हिज”, “हर्स”, “युअर्स”, “देअर्स” यांवर कॉमा नसतो, तसंच हे. “इट’स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज” मध्ये मात्र आहे, कारण तिथे “इट इज” आहे, आय हे अक्षर गळलंय. मी मनात “त्याचा” आणि “ते आहे” असं म्हणून पाहते. “ते आहे” बसलं तरच कॉमा. “हूज” चं तेच. “हू’स हू” म्हणजे कोण कोण आहे, कॉमा हवा. कुणाचं या अर्थी “हूज” चं स्पेलिंगच वेगळं, कॉमा नाही.

आणि फोनचा कीबोर्ड स्वतःहून “इट्स” चं “इट’स” करून टाकतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

मोझरीचा भजनी

आमच्याकडे गुरुकुंजाच्या परिसरात संध्याकाळी प्रार्थना होते, घरोघरी शुभं करोतिही होतं. वर्धेच्या सरांनी गळलेल्या अक्षराची खूण म्हटलं आणि लगेच “दीपज्योतिर्नमोऽस्तु ते” आठवलं. नमो आणि स्तु यांच्या मधलं ते चिन्ह म्हणजे अवग्रह. मूळ “नमः अस्तु”, संधी होताना “अस्तु” मधला अ लोपला, त्याची खूण राहिली. “सोऽहम्” मध्ये तेच. लहान मुलं पोथीत ते चिन्ह बघून विचारतातच, हा इंग्रजी एस इथे कशाला? त्यांना तिथेच सांगता येईल की इंग्रजीतल्या “डोन्ट” मध्ये कॉमा जे काम करतो, ते आपल्याकडे हे चिन्ह करतं.

इंग्रजीत अशी कोणती उदाहरणं आहेत जिथे गळलेलं अक्षर आता कुणाला आठवतही नाही?

सेवानिवृत्त, वर्धा

भजनीबुवा, अवग्रहाचं उदाहरण अगदी नेमकं दिलंत. कामाचं तत्त्व तंतोतंत तेच.

रोजचं उदाहरण “ओ’क्लॉक”. मूळ “ऑफ द क्लॉक”, घड्याळाप्रमाणे. आता कॉमा तेवढा उरला. “मॅ’म” हे “मॅडम” मधला डी गळून झालेलं, आपल्या शाळांतून दिवसभर ऐकू येतं. “नेअ’र-डू-वेल”, निकम्मा माणूस, यात “नेव्हर” चा व्ही गळला. “रॉक ’न’ रोल” मध्ये “अँड” ची दोन्ही टोकं गेली, म्हणून दोन कॉमे. “ऑल’स फेअर इन लव्ह अँड वॉर” मध्ये “ऑल इज” आहे, तिथे मालकीचा संबंधच नाही. हे मुलांना आवर्जून सांगावं, कारण ती एस पाहून मालकी शोधत बसतात.

फ्लेक्सताई, मेहकर

मी फ्लेक्सचं दुकान चालवते. सरांनो, चिन्ह कुठे द्यायचं हे कळलं तरी ते उमटवायचं कसं, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. मराठी मजकूर आम्ही बऱ्याचदा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप करतो. त्यात कॉम्याची कळ दाबली की अर्धा श उमटतो. म्हणजे मराठी ओळीत एखादा इंग्रजी शब्द टाकायचा तर तेवढ्यासाठी फॉन्ट बदला, चिन्ह द्या, परत फॉन्ट बदला. गर्दीच्या दिवसांत कारागीर ते टाळतो. मग बॅनरवर एकतर कॉमा गायब, नाहीतर एस्केपखालच्या कळीवरचं ते उलट तिरकं चिन्ह ठोकलेलं.

दुसरं, शब्दाच्या सुरुवातीला कॉमा आला की सॉफ्टवेअर त्याला अवतरणचिन्ह समजून उलटा वळवतं. “रॉक ’न’ रोल” मधला पहिला कॉमा इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा खाली वळलेला हवा, तो सहासारखा होतो. तिथे कॉमा दोनदा टाइप करायचा आणि पहिला खोडायचा, दुसरा बरोबर वळलेला राहतो. युनिकोडमध्ये काम केलं तर फॉन्ट बदलायची कटकट संपते. माझ्या दुकानात आता नवीन कामं युनिकोडमध्येच घेते.

लोक “डूज अँड डोन्ट्स” चे फलक फार करून घेतात, पोलीस ठाण्यासाठी, दवाखान्यासाठी. त्यात कॉमे किती द्यायचे?

पुसदची अभ्यासिका

ताई, “डोन्ट” मध्ये ओ गळलाय, त्याचा एक कॉमा पक्का. पुढचा एस नुसता अनेकवचनाचा, त्याला कॉमा नाही. “डू” च्या अनेकवचनाला ऑक्सफर्डचा कोश कॉमा देत नाही. काही जण वाचायला सोपं जावं म्हणून देतात. “डोन्ट” वर दोन कॉमे मात्र कुठेच नाहीत.

अनेकवचनाला कॉमा चालतो तो एकट्या अक्षराच्या बाबतीत. “माइंड युअर पी’ज अँड क्यू’ज”, “डॉट द आय’ज अँड क्रॉस द टी’ज”. आयपुढे नुसता एस लावला तर “इज” असं वाचलं जाईल, म्हणून.

सरळसोपं

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मला यामागची गरज पटत नाही. खुद्द इंग्रजांनाच हे जमत नाही. लंडनच्या मेट्रोत पिकॅडिली लाइनवर “अर्ल’स कोर्ट” ला कॉमा आहे आणि लगेच पुढच्या “बॅरन्स कोर्ट” ला नाही. अमेरिकेत भौगोलिक नावांचं मंडळ १८९० पासून आहे आणि गावा-नद्यांच्या नावांतून हा कॉमा ते काढूनच टाकतं. “मार्था’स विनयार्ड” सारखे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवायला संस्था काढली. २०१९ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांनी ती बंद केली आणि अज्ञान व आळस जिंकले असं सांगितलं. त्यांचं हे असं असताना दारव्ह्याच्या पोरांनी का झिजायचं? सोयाबीनला भाव नाही, शाळेत शिक्षक पुरेसे नाहीत, आणि आपण एका टिंबाएवढ्या कॉम्यावर धागा चालवतोय.

दारव्ह्याचा मास्तर

तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लंडनच्या स्टेशनाच्या पाटीवर कॉमा नसला म्हणून त्या स्टेशनात उतरणाऱ्याचं काही अडत नाही. माझ्या वर्गातली मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी किंवा नागपूर-पुण्याच्या नोकरीसाठी अर्ज लिहिते, तेव्हा वाचणारा तिला ओळखत नसतो, त्याच्यासमोर फक्त कागद असतो. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलाकडून कॉमा चुकला तर घाईत राहिला असं समजतात. खेड्यातल्या मुलीकडून चुकला तर हिला इंग्रजी येत नाही असं समजतात. हा अन्याय आहे, आणि तो मी एकटा दूर करू शकत नाही. पण त्या कागदावर बोट ठेवायला जागा राहू नये एवढं शिकवणं माझ्या हातात आहे.

शिवाय इथे नियम रटून घेण्यापेक्षा मोठी गोष्ट घडते. कपाशीवाले भाऊंनी सांगितलेला “याय” मी वर्गात नेला, तर मूल स्वतःच्या घरच्या बोलीकडे वळून बघतं. तिच्यात एक आणि अनेक यांचा भेद किती नीट ठेवलेला आहे, हे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी दाखवतं. इंग्रजीच्या तासाला बोलीची लाज वाटायची, तिथे तीच आधाराला येते. मला हे कॉम्याच्या दोन मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. सोयाबीनच्या भावाबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो लढा वेगळा आहे आणि त्याची निवेदनं लिहायलाही हीच मुलं लागणार आहेत.

आता वर्गात काय सांगायचं ते या चर्चेतून मला असं दिसतंय. आधी विचारायचं, अक्षर गळलंय का? “इट इज”, “ऑल इज”, “डू नॉट” असं सोडवता आलं तर कॉमा गळलेल्या अक्षराच्या जागी, विषय संपला. नसेल तर मालकी बघायची आणि बोलीत म्हणून पाहायचं, “याचं” की “यायचं”. दिवस, महिने, रुपये, माणसं मोजता येतात तिथे, “चिल्ड्रन”, “विमेन” सारखे शब्द सोडले तर, हे बहुतेक चालतं. इंग्रजीचा घडीव वाक्प्रचार असेल तर मराठी भाषांतरावर विसंबायचं नाही, एकच सिंह, एकच मूर्ख, एकच दगड असं धरून चालायचं आणि कोश उघडून खात्री करायची. “विट्स’ एन्ड”, “ओल्ड टाइम्स’ सेक”, “गुडनेस’ सेक” एवढे वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहून ठेवायचे. “क्रोकोडाइल टिअर्स” त्यांच्याच शेजारी, कॉम्याशिवाय.

सरळसोपं

निवेदनांचा मुद्दा पटला. माझी पुतणी नववीत आहे, तिला हा धागा पाठवतो. ती “मदर्स डे” चं विचारत होती. जगभरच्या साऱ्या आयांचा दिवस ना तो? मग कॉमा एसनंतर?

सेवानिवृत्त, वर्धा

तिथे एसच्या आधी, “मदर’स डे”. अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या अॅना जार्विस यांचा त्यावर कटाक्ष होता. प्रत्येक घरानं आपापल्या एका आईचा मान करावा, म्हणून एकवचन. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी त्याची अधिकृत घोषणा केली. उलट “एप्रिल फूल्स’ डे” मध्ये मूर्ख अनेक धरतात. दिवसांच्या नावांत तो दिवस ठरवणाऱ्यानं काय मोजलं ते बघावं लागतं, आपल्या तर्कानं भागत नाही.

फ्लेक्सताई, मेहकर

माझ्याकडे या आठवड्यात तीन पाट्या आहेत. मुलींचं वसतिगृह, लेडीज टेलर, आणि महिला बचत गटाच्या भाजी स्टॉलवर भेंडीचं इंग्रजी नाव. तिन्ही एकदा बघून द्या, म्हणजे सोमवारी छापायला टाकते.

दारव्ह्याचा मास्तर

ताई, “पोरीचं” की “पोरीयचं” असं म्हणून पाहा: साऱ्या मुलींचं, म्हणून “गर्ल्स’ हॉस्टेल”, एसनंतर. “लेडीज’ टेलर” ला नियमानं एसनंतर हवा, पण दुकानाच्या पाटीवर कॉमा न देण्याची रीत आता सगळीकडे आहे. गिऱ्हाईक मागत नसेल तर गाळलात तरी कुणी चूक म्हणणार नाही. फक्त “लेडी’स टेलर” करू नका, एकाच बाईचा शिंपी होईल. भेंडी एक असेल तर “लेडी’स फिंगर”. ढिगाला “लेडी’स फिंगर्स” किंवा “लेडीज’ फिंगर्स”, कोशात दोन्ही सापडतात. मी स्टॉलवर “लेडी’स फिंगर” एवढंच लिहीन, भाजीचं नाव म्हणून.

कपाशीवाला

सरजी, जाता जाता माह्यंही एक पाहून द्या. आमच्या गटाची कंपनी झाली तं नावात “फार्मर प्रोड्यूसर कंपनी” हाय. पोट्टा म्हनते “फार्मर” ले एस अन् कॉमा लावा, कारन कंपनी साऱ्या शेतकऱ्यायची हाय.

सेवानिवृत्त, वर्धा

पोराचा तर्क चांगला आहे, त्याला शाबासकी द्या. पण नावात एस नाही, तर कॉमाही येणार नाही. इथे “फार्मर” हा “क्रोकोडाइल” सारखाच विशेषणाच्या जागी बसलेला आहे. कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं असा प्रकार आला, तिथेही शब्द “प्रोड्यूसर कंपनी” असाच, एसशिवाय. बॅनरवर “फार्मर्स’ डे” कॉम्यासकट लिहा, आणि खाली कंपनीचं नाव नोंदणीच्या कागदावर जसं आहे अगदी तसं. शिक्का, लेटरहेड आणि बँकेचं खातं यांच्याशी ते अक्षरशः जुळायला हवं, नाहीतर चेक अडकतो.